क्रीमने काहीच त्रास झाला नाही, मग चेहरा का काळवंडला?

नवीन क्रीम लावलं आणि चेहऱ्याची आग झाली, तर आपण ते लगेच बाजूला ठेवतो. पण जे क्रीम लावल्यावर आग होत नाही, खाज येत नाही आणि आठवडाभरात चेहरा उजळ दिसू लागतो, ते आपण बहिणीलाही सुचवतो. त्वचेच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. काही घटक त्वचेला लगेच त्रास देतात, त्यामुळे ते पकडले जातात. काही घटक आधी चेहरा छान करून दाखवतात आणि काही महिन्यांनी त्याची किंमत वसूल करतात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सौंदर्यप्रसाधनं मॉलपासून लोकलच्या लेडीज डब्यापर्यंत सगळीकडे मिळतात. टिकलीची पाकिटं, नेलपॉलिश, लिपस्टिक, काजळ, पार्लरमधलं ‘स्पेशल’ क्रीम. यातलं बरंचसं निर्धोक असतं. जे नसतं, ते ओळखायचं कसं? चेहऱ्यावर डाग आलाच तर काय करायचं? सविस्तर पाहूया.

अकोल्यात काय झालं होतं?

महाराष्ट्रातलं एक प्रकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये बातम्यांमध्ये आलं. अकोल्यात बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या २० वर्षांच्या एका मुलीने स्थानिक ब्युटिशियनकडून गोरं होण्याचं क्रीम घेतलं. फरक दिसायला लागला, लोक कौतुक करू लागले. मग तिची आई आणि बहीणही तेच क्रीम वापरू लागल्या. काही महिन्यांनी तिघींच्याही मूत्रपिंडाला सूज आल्याचं निदान झालं.

एकाच घरातल्या तिघींना एकाच वेळी हा आजार कसा, हा प्रश्न डॉक्टरांना पडला. शोध घेता घेता संशय क्रीमवर गेला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली आणि त्यात पारा सापडला. तोही मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त.

या प्रकरणात चेहऱ्याने धोक्याची सूचना दिलीच नाही. उलट, चेहरा उजळ दिसत होता म्हणूनच क्रीम एकीकडून तिघींकडे गेलं.

डाग पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. त्वचेला कुठलीही इजा झाली, पुरळ आलं, भाजलं किंवा ॲलर्जी झाली, की तिथल्या रंगपेशी जास्त मेलॅनिन तयार करतात. पुरळ बरं होतं, डाग मागे राहतो. मुरूम गेल्यावर त्या जागी काळा ठिपका राहतो, तो याच कारणाने. भारतीयांसारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत हे जास्त होतं.

मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातच राहिलं तर डाग तपकिरी दिसतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फिका होतो. पण दाह वारंवार झाला तर मेलॅनिन खालच्या थरात गळून पडतं. मग डाग राखाडी किंवा निळसर दिसतो. तो जायला खूप वेळ लागतो, कधी कधी वर्षंही लागतात. वरून कितीही क्रीम चोळलं तरी ते त्या थरापर्यंत नीट पोहोचत नाही.

म्हणून डाग घालवण्याआधी दाह कशामुळे होतोय ते शोधणं जास्त गरजेचं आहे.

ॲलर्जी आणि जळजळ, दोन्ही एकच का?

नाही. पार्लरमध्ये ब्लीच लावल्यावर दहा मिनिटांत चेहरा लाल झाला, झोंबायला लागलं, तर ती बहुतेक वेळा जळजळ असते. अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं प्रमाण जास्त झालं किंवा ते जास्त वेळ ठेवलं, तर कोणाचीही त्वचा पोळते.

ॲलर्जी वेगळी. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती एखाद्या घटकाला शत्रू म्हणून लक्षात ठेवते. तो घटक पुन्हा त्वचेवर आला की साधारण एक ते तीन दिवसांनी खाज, लाली, सूज किंवा बारीक पुरळ येतं. या उशिरामुळे नाव भलत्याच वस्तूवर येतं. रविवारी केसांना डाय लावलेला असतो, पुरळ मंगळवारी येतं आणि दोष सोमवारी लावलेल्या सनस्क्रीनला दिला जातो.

‘मी हे चार वर्षं लावतेय, मग आत्ताच कशी ॲलर्जी होईल?’ असं अनेक जण विचारतात. पण एखाद्या घटकाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यानंतरही सुरू होऊ शकते. एकदा सुरू झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. त्यामुळे जुनी, सवयीची वस्तूही संशयितांच्या यादीत ठेवा.

ज्या वस्तूंवर आपला संशयच जात नाही

चेहऱ्यावरच्या डागाचं कारण प्रत्येक वेळी चेहऱ्याला लावलेल्या क्रीममध्येच सापडतं असं नाही.

केसांचा डाय: बहुतेक काळ्या डायमध्ये पॅरा-फिनिलिनडायअमीन म्हणजे पीपीडी हा घटक असतो. ॲलर्जी असली तर टाळूपेक्षा कपाळ, कान, पापण्या आणि मान इथे जास्त त्रास दिसतो. चेहऱ्याच्या कडेने काळपट पट्टा येतो. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या कोन आणि पावडरमध्येही पीपीडी असू शकतो. खऱ्या मेंदीचा रंग केशरी ते तपकिरी येतो आणि चढायला काही तास लागतात. तासाभरात काळाकुट्ट रंग आला तर ती नुसती मेंदी नाही.

नेलपॉलिश: त्यातल्या रेझिनची ॲलर्जी नखांपाशी न दिसता पापण्यांवर आणि गळ्यावर दिसू शकते. आपण दिवसभरात कितीदा चेहऱ्याला हात लावतो ते आपल्यालाही कळत नाही. पापणीची त्वचा पातळ असते, त्यामुळे आधी तीच सुजते.

कुंकू: हळदीपासून केलेलं कुंकू ही जुनी पद्धत. बाजारातल्या अनेक कुंकवांत मात्र कृत्रिम लाल रंग, सुगंधी द्रव्यं आणि इतर रसायनं असतात. त्यांच्यामुळे कपाळाच्या मधोमध खाज येते आणि मग काळा ठसा उमटतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या साहित्यात हा भारतातला ओळखीचा प्रकार आहे.

टिकली: इथे उलटं होतं. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल असतं. ते रंगपेशींनाच मारतं, त्यामुळे टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. घरच्यांना तो कोड वाटतो. अशा वेळी टिकली लगेच बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला तर डाग कायमचा राहू शकतो.

लिंबू: ‘घरगुती आहे, काय होणार?’ असं म्हणून लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळला जातो. लिंबात असे घटक असतात जे उन्हात त्वचेला भाजतात. लिंबू लावून उन्हात गेलात तर ओघळाच्या आकाराचा काळा डाग पडू शकतो.

याशिवाय परफ्यूम, सुगंधी तेलं आणि क्रीम टिकवण्यासाठी वापरलेले प्रिझर्व्हेटिव्ह ही ॲलर्जीची नेहमीची कारणं आहेत. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा असाच एक प्रिझर्व्हेटिव्ह. ॲलर्जीच्या तक्रारी वाढल्यामुळे युरोपीय संघाने २०१७ पासून लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये त्याच्यावर बंदी घातली.

न खाजणारा धोका १: स्टिरॉइड

आता शांतपणे नुकसान करणाऱ्या घटकांकडे येऊ. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडची नावं आहेत. इसबासारख्या आजारात डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात आणि तिथे ती चांगलं काम करतात. गडबड होते ती गोरं होण्यासाठी रोज चेहऱ्याला लावल्यामुळे.

स्टिरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, दाह दबतो, मेलॅनिन कमी बनतं. आठवडाभरात चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. महिने गेले की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, हनुवटी-गालावर लव वाढते आणि उन्हात चेहरा भाजल्यासारखा होतो. क्रीम बंद केलं की लाली आणि आग उसळते. माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो आणि आराम पडतो. त्वचेला त्या क्रीमची सवय लागलेली असते. डॉक्टर याला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असे तीन घटक एकत्र असतात. वांगाच्या डागांवर थोड्या काळासाठी वापरायचं हे औषध आहे. ‘शेजारणीला फरक पडला’ म्हणून वर्षभर लावायचं ते क्रीम नाही. हायड्रोक्विनोन जास्त काळ वापरलं तर त्वचेवर उलट निळसर-काळे डाग येऊ शकतात, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९७५ मध्येच नोंदवलं होतं.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा विषय बरीच वर्षं लावून धरला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड क्रीम-मलमांना शेड्यूल एचमध्ये आणलं. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ट्यूबवर लाल रेघ आणि ‘आरएक्स’ खूण दिसली तर ते सौंदर्यप्रसाधन नसून औषध आहे हे समजा.

न खाजणारा धोका २: पारा

पारा मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया अडवतो. म्हणून चेहरा उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. लघवीला फेस, पायांवर आणि डोळ्यांखाली सूज, हातांना कंप, झोप न लागणं ही त्याची लक्षणं असू शकतात. पाऱ्याची वाफही होते आणि क्रीम लावलेले हात टॉवेल, उशी, बाळाच्या गालाला लागतात. त्यामुळे न वापरणाऱ्यांनाही धोका असतो.

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात असेच रुग्ण सापडले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण डॉक्टरांनी अभ्यासले. त्यातल्या १५ जणांमध्ये आजाराचा एक दुर्मीळ उपप्रकार होता आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली. म्हणजे वेळेत कळलं तर वाचता येतं.

कायदा काय म्हणतो? भारताच्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला मनाई आहे. नकळत आलेला पाराही १ पीपीएमच्या वर चालत नाही. १ पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा ७० पीपीएम आहे.

‘मी आधी कोपरावर लावून पाहिलं होतं’

ही सवय चांगलीच आहे. कोपराच्या आतल्या बाजूला क्रीम दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहिलं तर बऱ्याच ॲलर्जी पकडल्या जातात. केसांचा डाय असेल तर वापरण्याआधी ४८ तास थोडासा कानामागे लावून पाहा. आधी डायचा त्रास झाला असेल तर हा प्रयोग घरी करू नका, डॉक्टरांकडे जा.

पण ही चाचणी फक्त ॲलर्जी सांगते. पारा किंवा स्टिरॉइड असलेलं क्रीम या परीक्षेत सहज पास होतं. स्टिरॉइड तर दाह दाबतं, म्हणजे क्रीममधल्या दुसऱ्या घटकाची ॲलर्जीही ते लपवू शकतं. त्यामुळे ‘मला काही झालं नाही’ हा क्रीम सुरक्षित असल्याचा पुरावा धरता येत नाही. त्यासाठी डबी बघावी लागते.

डबीवर काय बघायचं?

उल्हासनगरच्या वाट्याला ‘मेड इन यूएसए’चा विनोद कायमचा आला आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे इथे लहान पोरंही सांगतात. पण क्रीम कुठल्या शहरात विकलं जातं यावरून ते चांगलं की वाईट हे ठरत नाही. त्याच्या मागे जबाबदार माणूस आहे का, हे बघायचं. ते लेबल सांगतं.

नियमानुसार भारतात बनलेल्या प्रसाधनावर या गोष्टी हव्यात:

• उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता
• उत्पादन परवाना क्रमांक
• बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख
• घटकांची यादी

परदेशातून आलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि ‘आरसी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. नुसतं परदेशी भाषेतलं चकचकीत खोकं पुरेसं नाही.

घटकांमध्ये कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी यापैकी काही दिसलं तर ते पाऱ्याचंच रूप आहे. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तरी सावध व्हा. पारा या धातूंना चिकटतो, म्हणून ती लिहिलेली असते. आणि पार्लरमधून बिनलेबलच्या डबीत भरून दिलेलं ‘फॉर्म्युला क्रीम’ कितीही ओळखीच्या ताईंनी दिलं तरी घेऊ नका. त्यात काय आहे हे बहुधा त्यांनाही माहीत नसतं.

मग मोठ्या ब्रँडमध्ये कधीच त्रास होत नाही का? होतो. जपानमध्ये कानेबो या नामांकित कंपनीच्या उजळपणाच्या उत्पादनांतल्या रोडोडेनॉल या घटकामुळे लोकांच्या चेहऱ्यावर, हातांवर पांढरे डाग पडले. जुलै २०१३ मध्ये कंपनीने ती उत्पादनं बाजारातून परत मागवली. पुढे बाधितांची संख्या १९ हजारांच्या वर गेली. पण वस्तू कोणाची, कुठल्या नावाने विकली हे माहीत होतं, म्हणून ती परत मागवता आली आणि कंपनीला जबाबदार धरता आलं. बिनलेबलच्या डबीबाबत हे कोणाकडे मागणार?

डाग किंवा पुरळ आलंच तर?

१. चेहऱ्याला आणि केसांना लावायचं सगळं बंद करा. सौम्य साबण आणि साधी पेट्रोलियम जेली एवढंच ठेवा.

२. डबी, खोकं, बिल फेकू नका. डॉक्टरांना डबीच दाखवा. गेल्या महिन्यात वापरलेल्या सगळ्या वस्तू पिशवीत भरून न्या. डाय, नेलपॉलिश, कुंकूसुद्धा.

३. चेहऱ्याचा रोज एकाच उजेडात, फिल्टर न लावता फोटो काढा.

४. उन्हापासून जपा. छत्री, स्कार्फ वापरा. डॉक्टरांनी सांगितल्यास झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं बिनवासाचं सनस्क्रीन लावा.

५. ‘डाग घालवणारं’ दुसरं क्रीम मेडिकलमधून मागू नका. तिथेच स्टिरॉइडचा फेरा सुरू होतो.

६. स्टिरॉइड क्रीम अनेक महिने लावलं असेल तर बंद केल्यावर चेहरा आधी बिघडेल. हे अपेक्षित आहे. स्वतःहून पुन्हा सुरू न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडवा.

७. बिनलेबलचं गोरेपणाचं क्रीम वापरलं असेल आणि सूज किंवा फेसाळ लघवी असेल तर लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. डॉक्टरांना क्रीमबद्दल आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

८. डोळे सुजून बंद झाले, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

पहिल्यांदा दाखवायला उल्हासनगर कॅम्प ३ मधलं शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे. नेमकी कशाची ॲलर्जी हे शोधायला पॅच टेस्ट लागते. त्यात पाठीवर वेगवेगळ्या घटकांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा तपासतात. म्हणजे आठवड्यात दोन-तीन फेऱ्या होतात. ही सोय सगळीकडे नसते. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचाविभागात ती मिळते. बदलापूरहून मुंबई गाठण्याआधी फोन करून वार विचारून घ्या.

तक्रार कुठे करायची?

सौंदर्यप्रसाधनांवर राज्यात अन्न व औषध प्रशासनाचं नियंत्रण असतं. टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५. ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम २६ नुसार कोणताही नागरिक स्वतः विकत घेतलेलं प्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याचा सही केलेला अहवाल मागू शकतो. म्हणून संशयित क्रीम संपवू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. झाकण घट्ट लावून, वर खरेदीची तारीख आणि दुकानाचं नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. डॉक्टरांना निदानासाठी आणि तुम्हाला तक्रारीसाठी तीच डबी लागणार आहे.